गेळीचा वास

संक्रांतीनंतर आलेला ताप तीन-चार दिवसांत उतरला. अंगात थोडा जोर आला म्हणून मी स्वतः उठून चहा केला, आलं किसून घातलं आणि पहिल्याच घोटाला थांबले. चहा नुसत्या गरम पाण्यासारखा लागत होता. पावडर जुनी झाली असेल असं वाटून डबा उघडला, नाकाशी धरला. काही नाही. मग मसाल्याचा डबा, मग हिंगाची डबी, मग न्हाणीघरातली फिनेलची बाटली. हिंगाच्या डबीत नाक खुपसून इतका जोरात श्वास घेतला की शिंका आल्या, पण वास आला नाही.

मी नगरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं. राहायला आम्ही केडगावात. नवरा एमआयडीसीत कामाला, मुलगी शिकायला पुण्याला. माझ्या विषयात नाकाला किती काम असतं, हे मला ते बंद पडेपर्यंत जाणवलं नव्हतं. पान खुडायचं, चुरगळायचं, हुंगायचं आणि मग नाव घ्यायचं, ही माझी इतक्या वर्षांची सवय. डोळ्यांनी ओळख पटलेली असली तरी हात आपोआप नाकाकडे जायचा. आता हात जायचा आणि तिथेच राहायचा.

डॉक्टर शांतपणे म्हणाले की तापात वासाच्या नसांना इजा होते, कधी काही आठवड्यांत भरून येते, कधी वर्ष लागतं, कधी येतच नाही. रोज सकाळ-संध्याकाळ गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हुंगायचं आणि हुंगताना तो वास आठवायचा, एवढाच उपाय त्यांनी सांगितला. मी घरी येऊन चार बाटल्या मांडल्या आणि कामाला लागले. लवंगेची बाटली नाकाशी धरून डोळे मिटले की दाढ दुखायची तेव्हाचं दवाखान्यातलं बाकडं आठवायचं, पण वास आठवायला वेळ लागायचा. लिंबाला निदान तोंडाला पाणी सुटायचं.

स्वस्थ बसणं मला जमेनासं झालं. गॅसचं बटण बंद केलं की नाही हे बघायला मी परत परत स्वयंपाकघरात जायचे. कॉलेजला निघाले की कोपऱ्यावरून माघारी फिरायचे. अंगाला घामाचा वास येतोय का हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून दोनदा अंघोळ करायचे आणि तरी वर्गात मुलींपासून लांब उभी राहायचे. प्रॅक्टिकलला मुलं पानं चुरगळून हुंगत असली की मी एकेकाला विचारायचे, कसा येतोय, तिखट की गोड, कशासारखा. त्यांना वाटायचं मी परीक्षा घेतेय. ती घाबरून पुस्तकातली वाक्यं म्हणायची.

एका रविवारी नवऱ्याच्या ऑफिसातले दोघे जेवायला आले आणि मी त्यांना नासलेली बासुंदी वाढली. ते सभ्य होते. एकाने वाटी अर्धी ठेवली, दुसऱ्याने पाण्याबरोबर गिळली. नवऱ्याने पहिला घास तोंडात घातला आणि माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला कळलं. रागावला नाही तो. पण पुढच्याच आठवड्यात मिरजगावला जाऊन आपल्या आईला घेऊन आला.

सासूबाई सासऱ्यांच्या मागे मिरजगावात एकट्या राहत होत्या. हायवेला लागून घर, दारात लिंब, चार शेळ्या. आमच्याकडे त्या दिवाळीला यायच्या आणि भाऊबीज उरकली की पिशवी भरायच्या. आमचं भांडण कधी झालं नव्हतं, पण गप्पाही कधी झाल्या नव्हत्या. मी लग्नानंतर पहिल्यांदा मिरजगावला गेले, तेव्हा बांधावरची काटेरी फांदी तोडून घरात आणली होती आणि त्यांनी ती न बोलता बाहेर टाकून दिली होती. तेवढ्यावरून आम्ही एकमेकींना ओळखत होतो. या वेळी शेळ्या आपल्या जावेकडे सोपवून, नातेवाइकांच्या लग्नाला आल्यासारख्या नव्या लुगड्यात त्या आल्या. नवऱ्याने त्यांना माझ्यासमोरच सांगितलं की दूध, भाजी, गॅस, सगळ्यावर लक्ष ठेवायचं, हिला वास येत नाही. त्यांनी मान हलवली.

त्या दिवसापासून मी दुधाचं पातेलं त्यांच्यापुढे धरायचे. त्या वाकून हुंगायच्या, कधी बोट बुडवून जिभेला लावायच्या आणि म्हणायच्या, बरं हाय. भाजी धरली की बरी हाय. मला त्याने बरंच हायसं वाटलं. रात्री झोप लागायला लागली. फक्त पाय काही घरात ठरेनात, कारण माघ संपत आला होता आणि मला टेकडीचे वेध लागले होते.

पुणे रस्त्याने कामरगावच्या बाजूला जाताना आत एक खडकाळ माळ आहे. तिथे गेळीची दहा-बारा झुडपं आहेत. गेळ म्हणजे कुणाच्या अंगणात लावावं असं झाड नव्हे. माणसाच्या उंचीचं, फार तर दीड माणूस, आडव्या ताठ फांद्यांचं, आणि प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन सरळ काटे. हिवाळ्याच्या शेवटी सगळी पानं झडतात. मागच्या वर्षीची फळं तेवढी राहतात, छोट्या पेरूसारखी, टोकाला निदलपुंजाचा, म्हणजे फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांचा, वाळका मुकुट असलेली. वैद्यकात त्यांना मदनफळ म्हणतात, उलटी व्हावी म्हणून देतात. पूर्वी ती ठेचून डोहात टाकायचे आणि गुंगलेले मासे गोळा करायचे. धान्याला कीड लागू नये म्हणूनही कणगीत ठेवायचे. असलं हे रखरखीत झाड उन्हाळ्याच्या तोंडावर, पाऊस अजून कितीतरी लांब असताना फुलतं. आखूड फांद्यांच्या टोकाला कोवळ्या पानांचा झुबका डोकावत असतो, तेवढ्यात त्याच्या मधोमध पाच पाकळ्यांचं पांढरं फूल उघडतं. त्याला वास असतो, आणि तो अनंताच्या फुलाच्या जवळचा असतो, कारण दोन्ही एकाच कुळातली, कॉफीच्या कुळातली.

हे फूल उमललं की पांढरंशुभ्र असतं. मग साय धरल्यासारखं होतं आणि शेवटी पिवळं पडतं. एकाच फांदीवर पांढरी आणि पिवळी फुलं शेजारी दिसतात आणि नवखा माणूस दोन जाती समजतो. माझ्या आठवणीप्रमाणे ताज्या पांढऱ्या फुलाचा वास दाट, गोड, जवळजवळ अंगावर येणारा असतो आणि पिवळं पडलं की तो उतरून शिळ्या मधासारखा राहतो. दरवर्षी गेळ कधी फुलते, किती दिवस फुलते हे मी बघत आले होते. कुणी सांगितलं नव्हतं, कशाला लागणारही नव्हतं. आवड म्हणून.

त्या वर्षी होळीच्या आधीच जावंसं वाटलं. एकटीने गाडी चालवत जायला नवरा नको म्हणाला, म्हणून सासूबाईंना बरोबर घेतलं. त्या पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर धरून ताठ बसल्या. माळावर उतरल्यावर लुगड्याचा काष्टा आवळून माझ्यापेक्षा सराईतपणे दगडांतून चालल्या. गेळ फुलली होती. दरवर्षीपेक्षा लवकर, अजून पानाचा पत्ता नसताना. मी झुडपाजवळ गेले, फांदी ओढली, काटा हाताला लागला, आणि फूल नाकाशी नेलं. मऊ, लवदार पाकळी नाकाला लागली. थंड होती. बाकी काही नाही.

मी फांदी त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं.

"येतोय की," त्या म्हणाल्या. "लई गोड हाय."

"कशासारखा?"

त्यांनी थोडा विचार केला. "मोगऱ्यासारखा."

मी पिवळं फूल पुढे केलं. त्याला जास्त येतोय, त्या म्हणाल्या.

परत येताना माझ्या डोक्यात एकच होतं. पिवळ्याला जास्त कसा येईल? पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पांढऱ्याला केवड्यासारखा आला. त्यानंतरच्या खेपेला निशिगंधासारखा. पिवळ्याला मात्र दर वेळी जास्तच. मी परोपरीने विचारायचे. मधासारखा येतो का, शिळा येतो का, डोकं धरतं का. त्या व्हय म्हणायच्या, कधी न्हाई म्हणायच्या, आणि दोन्ही एकाच सुरात.

आता मला वेगळीच धास्ती बसली. नाक गेलं होतं ते गेलंच होतं, पण मला वाटायचं की वास निदान डोक्यात शाबूत आहेत. चार बाटल्या हुंगताना मी त्याच्याच भरवशावर डोळे मिटत होते. आता त्या आठवणीही खोट्या निघायला लागल्या. गेळीचं मला चुकीचं आठवत असेल, तर माझ्या आईच्या पदराचं काय, मुलगी तान्ही असतानाच्या तिच्या टाळूचं काय? ते मी खरंच हुंगलं होतं तसं आठवत होते, की मागाहून रचलेलं होतं? मी वर्गात शिकवता शिकवता थांबायचे. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. कपाटातले मुलीचे लहानपणचे कपडे काढून नाकाला लावायचे आणि परत घडी घालून ठेवायचे. नवरा म्हणायचा, जरा बस. मी बसायचे आणि लगेच उठायचे.

चैत्रातल्या एका दुपारी मी डाळ शिजत ठेवली होती. कुकरची शिट्टी बिघडली होती म्हणून पातेल्यात. बाहेरच्या खोलीत सासूबाई शेंगा फोडत होत्या, मीही त्यांच्याजवळ बसले. त्या नेहमीपेक्षा जास्त बोलत होत्या, कुठल्याशा शेळीला दोन करडं झाल्याचं सांगत होत्या. मला बोलता बोलता डाळीचा विसर पडला. तेवढ्यात दार जोरात वाजलं. शेजारच्या भाभी होत्या, हाताला कणीक तशीच. त्या माझ्या बाजूने आत घुसल्या, स्वयंपाकघराचं लोटलेलं दार ढकलून गॅस बंद केला, पातेलं सांडशीने धरून मोरीत टाकलं आणि खिडकी उघडली. आतून निळा धूर बाहेर आला. भाभी खोकत म्हणाल्या की त्यांच्या घरापर्यंत जळकट वास आला, त्यांना वाटलं आम्ही कुलूप लावून बाहेर गेलोय. मग त्यांनी माझ्याकडे आणि सासूबाईंकडे पाहिलं आणि कणीक मळायला परत गेल्या.

मी वळले. सासूबाई शेंगांच्या ढिगासमोर तशाच बसल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यांची पाठ होती. हातातली शेंग फोडलेली होती, पण दाणे काढलेले नव्हते.

"आई, तुम्हाला वास आला नाही?"

त्यांनी शेंग टोपलीत ठेवली. "मला बी न्हाई येत."

मी खाली बसले. कधीपासून, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, लई वर्सं झाली. सासरे होते तेव्हाच कमी झाला होता, नंतर गेलाच. दूध त्या चव घेऊन ओळखायच्या, भाजी नजरेने. एकट्या माणसाला तेवढं पुरायचं. कुणाला सांगायचं आणि कशाला?

"मग गेळीचा वास? मोगरा, केवडा?"

"ते मी आपलं म्हनायचे."

"पण का?"

त्यांनी पुढ्यातली टरफलं एका बाजूला सारली. मग खाली बघतच म्हणाल्या, "त्यानं मला त्याच कामाला आनलं हुतं. न्हाई म्हनले असते तर माझं हितं काय काम हुतं? आन् तू इचारायचीस तवा तुझं त्वांड बघवत नव्हतं."

मला इतका संताप आला की मी उठून गच्चीवर गेले. उन्हाने फरशी तापलेली, पायात चप्पल नाही. मी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फेऱ्या मारत राहिले. दोन महिने मी एका अशा माणसाच्या नाकावर दूध, भाजी, गॅस, सगळं सोपवून झोपत होते, ज्याला माझ्याइतकंच कळत होतं. घर पेटलं असतं. आणि मग चालता चालता एकदम दुसरी गोष्ट ध्यानात आली. पिवळ्या फुलाला जास्त वास येत नव्हता. कधीच येत नव्हता. मला आठवत होतं तेच बरोबर होतं. मी तिथेच टाकीच्या सावलीत बसले आणि मला रडू आलं, आणि रडताना हसूही येत होतं. आईचा पदर, मुलीची टाळू, सगळं जागच्या जागी होतं.

खाली आले तेव्हा सासूबाईंनी पिशवी भरली होती. लुगडी, चष्म्याचं घर, देवाचा फोटो. संध्याकाळच्या एसटीने जाते म्हणाल्या, लेकाला मी काहीतरी सांगेन, तू बोलू नको. मी त्यांना म्हटलं की गॅस गळला की ओरडणारं यंत्र मिळतं, उद्या आणू, त्याला आपल्या दोघींपेक्षा जास्त कळतं. त्यांनी विचारलं, मग मी कशाला राहू?  जे खरं होतं ते बोलले.

"घरात एकटी असले की मी फिरत राहते, आई. तुम्ही बसलेल्या असलात की बसते."

त्या पिशवीच्या बंदाशी खेळत राहिल्या. एसटीची वेळ गेली. मग उठून मोरीत जाऊन काळं पातेलं घासायला बसल्या. नवरा आल्यावर मीच त्याला सगळं सांगितलं. तो आईला म्हणाला, तुझं नाक गेलेलं मला कसं कळलं नाही? सासूबाई म्हणाल्या, तू कधी इचारलंस?

पावसाळ्यात माझं नाक जागं झालं, पण ते वाकडं. एके सकाळी भाभींच्या घरी कांदा परतत होता आणि मला जळालेल्या टायरची घाण आली. मी खिडकीशी धावले. रस्त्यावर काही नव्हतं. मग कोथिंबीर रॉकेलसारखी, चहा ओल्या राखेसारखा, नवऱ्याच्या शर्टाला सडक्या बटाट्याचा वास. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे, नसा परत वाढताना चुकीच्या ठिकाणी जुळतात, हळूहळू वाट सापडेल. चांगल्या लक्षणाने मला जेवण जाईना. दहीभात आणि काकडी यांवर महिने काढले. सासूबाईंच्या केसांच्या तेलाचा वास तर असा यायचा की त्या शेजारी बसल्या तर मला उठावं लागे. मी घाबरतच त्यांना ते सांगितलं. त्यांनी तेल लावणं बंद केलं, केस कोरडे, भुरभुरीत झाले, आणि भाभींना म्हणाल्या, आमच्यात एकीला तरी येतोय हे बरं झालं.

पुढच्या फाल्गुनात आम्ही दोघी माळावर गेलो. गेळीची पानं झडलेली, फांद्यांवर गेल्या वर्षीची तपकिरी फळं, आणि वरच्या बाजूला तीन-चार पांढरी फुलं. सासूबाईंनी पदर हाताला गुंडाळून फांदी खाली ओढून धरली. मी नाक जवळ नेलं. भीती वाटत होती. टायर येईल की राख, काय येईल ते सांगता येत नव्हतं.

आला तो साबणासारखा काहीतरी. स्वस्त, गोडसर, थोडा कडवट. गेळीचा नव्हता. पण घाणही नव्हती, आणि पिवळ्या फुलाजवळ नेलं तर तो खरोखर कमी येत होता. मी दोन्ही फुलं पुन्हा पुन्हा हुंगली. पांढरं, पिवळं, पांढरं. सासूबाईंचा हात अवघडला असणार, पण त्यांनी फांदी सोडली नाही.

"येतोय का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की येतोय, पण आपला नाही. त्यांनी मान हलवली. मग फांदी हळूच सोडली, बोटात रुतलेला काटा दातांनी ओढून काढला आणि म्हणाल्या की शेजारच्या झुडपावर खालच्या अंगाला अजून एक ताजं फूल हाय, तेही बघून घे. मी त्यांच्या मागून दगडांतून चालू लागले.